बाळंतिणीच्या भेटीला

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्याकडे कुणी ठरवत बसत नाही. ते ठरलेलंच असतं. माझं झालं जर्मनीत, डार्मश्टाटला, एकोणीसशे साठच्या जानेवारीत. हे तिथल्या टेक्निश होखशूलमध्ये डॉक्टरेट करत होते आणि मी त्यांच्या मागून दीडेक वर्षापूर्वी बोटीनं आले होते. माहेरी जायचं तर पुन्हा बोट, पुन्हा तीन आठवडे पाणीच पाणी, आणि मला वांत्या तर डार्मश्टाटच्या ट्राममध्येसुद्धा होत होत्या. तेव्हा "इथेच होऊ दे," असं ह्यांनी म्हटलं आणि मी मान डोलावली. मान डोलवायची मला तेव्हा फार सवय होती.

आम्ही एका विधवा बाईंच्या घरात अगदी वरच्या मजल्यावर, छपराखालच्या एका खोलीत राहत होतो. तळमजल्यावर घरमालकीणबाई, मधे एक पेन्शनर म्हातारा, वर आम्ही. बाई साठीच्या, मूलबाळ नाही. मला त्या 'किंड' म्हणायच्या, म्हणजे पोरी. बावीस वर्षांच्या, कांदा न चिरताही रडणाऱ्या मुलीला परक्या गावात कुणी पोरी म्हटलं की तिचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. मी त्यांच्या मागे मागे फिरायची. ह्यांची लॅबोरेटरी रविवारीसुद्धा सुटायची नाही. मग दुपारी केकचा तुकडा खाऊन आम्ही दोघी गावातल्या म्युझियममध्ये जायचो.

तिथे बाकीचे लोक संत, लढाया नि घोडे बघत. बाई मला थेट शेवटच्या लहान दालनात न्यायच्या. गेल्या शतकातली घरगुती चित्रं तिथे होती. कुणी आजी नातवाला अक्षरं शिकवतेय, कुणी बाप जेवताना पोराला मांडीवर घेऊन बसलाय, असली. खिडकीशेजारच्या भिंतीवर एक चित्र होतं, त्याचं नाव 'बाळंतिणीच्या भेटीला'.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी "अगं बाई!" म्हणून चांगली मोठ्यानं ओरडले. पहारेकरी वळून बघायला लागला. लाकडी पलंग, निळ्या चौकड्यांचा पडदा बाजूला सारलेला, उशांना टेकून बसलेली बाळंतीण. तिच्या डोक्याला पांढरं फडकं करकचून बांधलेलं, आमच्याकडे कानात वारा जाऊ नये म्हणून बांधतात तस्सं. शेगडीपाशी एक म्हातारी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. शेजारीण झाकलेल्या वाडग्यातून काहीतरी गरम घेऊन येतेय. एक चिमुरडी बाळ दिसावं म्हणून टाचा उंच करून उभी. आणि दारात बाप, हातात टोपी, तोंडावर ओशाळं हसू. मी बाईंना सांगतच सुटले. वाडग्यात आमच्याकडे हळिवाची खीर असते, आमच्याकडे पलंगाखाली शेगडी ठेवतात, बाळाला धुरी देतात, सव्वा महिना बाळंतीण खोलीबाहेर पडत नाही. माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं, अर्धं हातवाऱ्यांचं. बाई "या, या," म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवत होत्या. "आमच्याकडे सहा आठवडे," त्या म्हणाल्या. मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

दिवस राहिल्यावर मी त्या चित्रासमोरच्या बाकावर ठिय्याच दिला. दर रविवारी. चित्र बघून स्वतःच्या बाळंतपणाचे बेत करणारी माझ्यासारखी खुळी दुसरी झाली नसेल. पण मी केले. शेगडीपाशी बाळाला घेऊन बसणाऱ्या म्हातारीच्या जागी घरमालकीणबाई. वाडगा आणणारी शेजारीण म्हणजे त्सुफेनहाउझेनच्या वहिनी. तिथे, श्टुटगार्टजवळ, ह्यांचे कॉलेजातले एक मित्र कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर होते, त्यांची ही बायको. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तोंडाची फटकळ, हाताची सढळ. दारातला बाप अर्थातच हे. सगळ्या जागा मी अशा भरून टाकल्या. आई तेवढी कुठे बसत नव्हती.

एकदा बाईंनी त्या चित्रांची एक गंमत सांगितली. त्यांची आजी उत्तरेकडच्या एका खेड्यातली होती. शहरातले चित्रकार उन्हाळ्यात तिथे येऊन राहत आणि गावातल्या लोकांना तासाला पैसे देऊन बसवून असली चित्रं काढत. आजी लग्नाआधीच अशा दोन चित्रांत बाळंतीण झाली होती. बाळ बहुतेक वेळा शालीचं गाठोडंच असायचं, कारण खरं बाळ रडतं आणि चित्रकाराचा हात चुकतो. तोंड नंतर बाहुलीवरून रंगवायचे. बाई हे सांगताना खुदुखुदु हसत होत्या. मला मात्र मुळीच हसू आलं नाही. माझ्या चित्रातलं बाळ खरं होतं, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं.

आता पत्रांचं सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथे होती. घरची पत्रं ह्यांच्या नावानं यायची. सासरची तर येणारच, पण माहेरचीसुद्धा. जावयाला डावलून मुलीला परस्पर पत्र लिहिणं माझ्या वडिलांना बरं दिसत नसे. 'चिरंजीव' ह्यांचं, आशीर्वाद ह्यांना, आणि शेवटी कडेच्या जागेत उभ्या ओळीत माझी चौकशी. ह्यांच्या नावाचं पत्र मी फोडत नसे. संध्याकाळी हे आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन, खुर्चीत बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मी समोर जमिनीवर बसून ऐकायची. छान वाचायचे हो! कोण कसं बोलतं त्याची नक्कल करून वाचायचे. वाचून झालं की पत्र घडी घालून त्यांच्या कागदांच्या बॅगेत जायचं. मी कधी मागून घेतलं नाही. ऐकलं की झालं, पुन्हा वाचायचं काय असतं त्यात?

मुलगी झाली ती हॉस्पिटलात. पलंग होता, पण पडदा नव्हता, आणि बाळही नव्हतं. बाळं सगळी लांबच्या एका खोलीत ओळीनं ठेवलेली. दर चार तासांनी नर्स आणून द्यायची, पाजून झालं की घेऊन जायची. हे भेटायला आले तेव्हा त्यांना काचेतून दाखवली. बाळंतिणीच्या भेटीला येणाऱ्या माणसांना घड्याळ लावून बाहेर काढत होते. मी दहा दिवस तिथे भिंतीकडे तोंड करून रडून काढले. "घरी गेलं की सगळं होईल," असं स्वतःला सांगत होते.

आणि खरंच झालं की! घरी आले तर बाईंनी कपडे धुण्याची वेताची टोपली आतून मऊ करून पाळणा म्हणून तयार ठेवलेली. बाराव्या दिवशी मी हॉस्पिटलातून नुकतीच आले होते, म्हणून बारसं विसाव्या दिवशी केलं. वहिनी डब्यात हळिवाचे लाडू घेऊन आल्या. टोपली टांगायची कुठे? मग ती दोन खुर्च्यांच्या मधे दोरीनं बांधली. बाळाला टोपलीखालून द्यायचं आणि वरून घ्यायचं, हे घरमालकीणबाईंना समजावता समजावता वहिनींची पुरेवाट झाली. एकीकडे वहिनी, एकीकडे बाई. ही खालून देतेय, ती वरून घेतेय, बाई मधेच उलट्या बाजूनं देऊन मोकळ्या. आम्ही पोट धरधरून हसलो. आत्याच्या जागी वहिनींनीच बाळाच्या कानात नाव सांगितलं. हे दारात उभे होते. अगदी चित्रातल्यासारखे ओशाळे हसत होते, आणि मी ते बघून धन्य झाले. काय म्हणावं मला!

मार्चमध्ये बाई म्हणायला लागल्या, "किंड, बाळाला बाटलीची सवय असलेली बरी." दुपारी खाली नेऊन त्या स्वतः तिला बाटली द्यायच्या. किती करतात माझ्यासाठी, असं मला वाटायचं. मग ह्यांचा एक मित्र कॅमेरा घेऊन आला. "आज्यांना पाठवायला बाळाचा एकटीचा फोटो हवा," हे म्हणाले. बाळाला मान नीट धरता येत नव्हती, म्हणून मी पांढऱ्या चादरीमागे बसले आणि चादरीतूनच तिला मागून धरलं. फोटोत मी दिसत नाही. नंतर कधीतरी ह्यांनी कागद पुढे केले. इंग्रजी कागद, दोन प्रती. "जन्माची नोंद कॉन्सुलेटमध्ये करायला हवी, इथे सही कर," असं म्हणून बोट ठेवलं. ज्या जागी बोट, त्या जागी सही. मी मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचता येत होतं. वाचलं नाही.

एप्रिलच्या शेवटी, सकाळी, पोस्टमन एक एअरोग्राम टाकून गेला. नाव ह्यांचंच. पण अक्षर आईचं. माझी आई चौथी शिकलेली, तिनं आपल्या हातानं कधी पत्र लिहिलं नव्हतं. ते मोठं, काना-मात्रा सुटे पडलेलं अक्षर बघून मी हातातलं काम टाकलं. वडिलांचं काही बरंवाईट झालं असणार, दुसरं काय? मी ह्यांची वाट न बघता पत्र फोडलं. जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा.

वडील ठणठणीत होते. आईनं जावयांना लिहिलं होतं की आपली सगळी पत्रं पावली, त्सुफेनहाउझेनच्या बाई बाळाला घेऊन बोटीनं निघतील तो दिवस कळला. मुंबईला धक्क्यावर आम्ही दोघं आणि विहीणबाई येऊ. सासूबाईंनी पाळणा काढून ठेवला आहे, गाईचं दूध लावलं आहे. बाळाची काळजी नसावी. आणि मग हे: "तिला इतक्यात सांगू नये हे आपलं म्हणणं मला पटलं. मनाला लागलं तर तिचं दूध आटेल. जायच्या दिवसापर्यंत बाळाला अंगावरचं मिळू दे. मग सांगावं."

मी ते तीनदा वाचलं. बाळ मांडीवर पीत होतं. कुणी थोबाडीत मारल्यासारखी मी बसून राहिले. माझ्या दुधासाठी! म्हणजे मी बाळाची आई म्हणून नव्हे, गाय म्हणून त्या घरात होते, आणि गाईला कुणी बोलत नव्हतं इतकंच. सासूबाईंचा मला राग आला नाही, त्यांच्याकडून मी काही मागितलंच नव्हतं. ह्यांचा आला, अंगाचा तिळपापड झाला. पण आईनं? जिच्यासाठी मी त्या चित्रात जागा शोधत बसले होते, तिनं आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं ते हे! केसानं गळा कापणं म्हणतात ते याला. बाळाला खाली ठेवून मी हुंदके देऊन देऊन रडले, आणि ती टोपलीतून माझ्याकडे बघत होती.

हे आले तेव्हा चहा केला नाही. पत्र पुढे टाकलं आणि म्हटलं, "वाचा. मोठ्यानं वाचा."

ह्यांचा चेहरा पडला. मग समजावायला लागले. "अगं, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. थीसिस झाला की आणू."

"कधी ठरवलंत?"

"सप्टेंबरात."

सप्टेंबरात! म्हणजे मला पाचवा महिना होता तेव्हा. म्हणजे त्यानंतरचं प्रत्येक पत्र गाळून गाळून वाचलेलं, नकला करून करून. म्हणजे तो चादरीचा फोटो आणि ती सही बाळाच्या पासपोर्टची. "मग मलाही तिच्याबरोबर पाठवा," मी म्हटलं. तर म्हणे, एकदा गेलीस की माझी आई तुला परत पाठवायची नाही, आणि मी इथे एकटा काय करू? दुसरी खोली बघा म्हटलं. तर म्हणाले, परदेशी माणसाला, त्यातून तान्हं मूल असताना, या गावात कोण खोली देतंय? "ही तरी कुठे ठेवतेय? मेच्या अखेरपर्यंतच ठेवून घेतलंय आपल्याला बाळासकट."

"ही कोण?"

त्यांनी खाली बोट दाखवलं.

मी तशीच जिना उतरले. बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. माझ्याकडे बघूनच त्यांना सगळं कळलं. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि नाकारलं काही नाही. मीटफरट्राग म्हणजे भाडेकरार, त्यात लहान मूल चालणार नाही असं पहिल्यापासून लिहिलेलं होतं. माझे दिवस कळले तेव्हाच त्यांनी ह्यांना सांगितलं होतं. हिवाळ्यात बाळंतिणीला बाहेर काढणार नाही, पण मेनंतर बाळ इथे नको. मधल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची झोप, त्यांची स्वतःची झोप, जिन्यातले लंगोट.

"सप्टेंबरपासून तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "दर रविवारी माझ्याशेजारी त्या बाकावर बसत होतात!"

"या," हो, बाई म्हणाल्या. "तुला ते चित्र किती आवडत होतं."

"तुम्हालाही आवडत होतं!"

"आल्झो," म्हणजे असं बघ, त्या म्हणाल्या, आणि पुढचं अगदी स्पष्ट बोलल्या. "मला चित्रातलं बाळ आवडतं, किंड. मी म्हातारी झालेय. घरात मला शांतता लागते."

मला काय काय बोलावंसं वाटलं! तुमच्या आजीची शालीची गाठोडीच बरी म्हणावंसं वाटलं. पण तेवढं जर्मन येत नव्हतं. मराठीत दोन शिव्या देऊन मी वर आले.

पुढचे तीन आठवडे मी ह्यांच्याशी बोलले नाही, जेवण तेवढं वाढलं. आईला पत्र लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं. आणि दूध? आटेल आटेल म्हणून सगळ्यांनी धसका घेतला होता ना, ते काही आटलं नाही. उलट जास्तच यायला लागलं.

जायचा दिवस मेमधला. वहिनींच्या यजमानांची शिकाऊ मुदत संपली होती, ती दोघं कायमची परत चालली होती. गाडी श्टुटगार्टहून, तिथून जिनोआ, तिथून बोट. आम्ही सकाळीच श्टुटगार्टला पोचलो. वहिनींनी मला बघितलं आणि नजर टाळली. बारशाला टोपलीखालून बाळाला घेताना त्यांना सगळं माहीत होतं, हे मला आता कळलं होतं. त्यांच्याशीही मी धड बोलले नाही. स्टेशनवर एका खोलीत बायकांना मुलांना घेऊन बसायची सोय होती. वहिनी म्हणाल्या, "गाडीला तीन तास आहेत. तिला माझी सवय होऊ दे. तू जरा हिंडून ये." पुरुष सामान नोंदवायला गेले होते. मला तिथे बसवेना, म्हणून मी बाहेर पडले.

स्टेशनसमोरून एक मोठा रस्ता जातो, दोन्ही बाजूंना दुकानं. ऊन पडलं होतं. मी चालायला लागले. पहिल्यांदा रडत चालले होते. मग रडणं थांबलं. हात मोकळे होते. चार महिने खांद्यावर नाहीतर कमरेवर काहीतरी होतंच, आता काही नव्हतं, आणि पाय आपोआप झपझप पडत होते. एका दुकानाच्या काचेत निळा कोट होता, तो मी कितीतरी वेळ बघितला. मग एका ठिकाणी बसून कॉफी मागवली. गरम होती, आणि ती निवायच्या आत मी ती सगळी प्यायले. लग्न झाल्यापासून मी अशी एकटी कुठे बसले नव्हते. किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दोन तासांत मी बाळाला एकदाही हाक मारली नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही.

परत आले तर वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. इतकी खंबीर बाई, पण रडत होती. मला जवळ बसवून त्या हळूच बोलल्या.

"हे बघ, मी लबाडी केली. तुझ्या नवऱ्यानं सांगितलं तिला माहीत आहे, फक्त बोलत नाही, म्हणून मी हो म्हटलं. बारशाला तुझ्याकडे बघून कळलं की तुला काही माहीत नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं, बोलले नाही. आता बोलते. तू नको म्हण. एकदा म्हण, मी हिला नेत नाही. पुरुषांना मी बघून घेते."

मी बाळाचं झबलं सारखं केलं.

त्यांनी पर्स उघडून चावी काढली. "त्सुफेनहाउझेनची आमची खोली महिनाअखेरपर्यंत आमच्याच नावावर आहे. घरमालकीण तान्ह्या पोरांची आजी आहे, ती पुढेही ठेवून घेईल, मी विचारलंय तिला. तू आजच तिथे जा बाळाला घेऊन. नवऱ्याला यायचं तर येईल मागून."

चावी त्यांनी माझ्यापुढे धरली. बाळ जागं होतं. माझा वास आला असावा, तिनं मान वळवून तोंड उघडलं. माझं दूध वाहायला लागलं, झंपर भिजला. सगळं मला हवं तेच समोर होतं. ज्यासाठी तीन आठवडे मी नवऱ्याशी बोलले नव्हते, ज्यासाठी आईला मनातल्या मनात शाप दिले होते, ते एका शब्दावर मिळत होतं.

मी म्हटलं, "न्या."

वहिनींनी चावी मागे घेतली नाही. "नीट विचार कर."

"न्या, वहिनी," मी म्हटलं, "आता गाडीची वेळ झाली."

शेवटचं पाजून मी तिला त्यांच्याकडे दिली. फलाटावर हे रडले, मी रडले नाही. सगळ्यांना वाटलं, बिचारीला धक्का बसलाय.

पुढच्या रविवारी मी एकटी म्युझियममध्ये गेले. बाईंनी विचारलं होतं येऊ का, मी नको म्हटलं. चित्रासमोर बसले. बाप दारात उभा आहे तो आत येतोय असं मी वर्षभर समजत होते. त्या दिवशी दिसलं की त्याच्या अंगात कोट आहे, बूट स्वच्छ आहेत, आणि एक पाय उंबऱ्याबाहेर आहे. तो निघालाय. बाळंतीण बाळाकडे बघतच नाही, तिची नजर खिडकीकडे आहे. इतके महिने माझ्या कसं लक्षात आलं नाही कोण जाणे. मी बघत होते आणि छाती दगडासारखी झाली होती, दुखत होती. पहारेकऱ्यानं झंपरावरचे डाग बघितले आणि म्हातारा बिचारा दुसऱ्या दालनात निघून गेला.

सहा महिन्यांची साडेचार वर्षं झाली. थीसिस झाला, मग ह्यांना नोकरी लागली, मग मलाही एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायचं काम मिळालं. घर बदललं, दोन खोल्यांचं घेतलं, तिथे मूल चालत होतं. तरी दर पत्रात काहीतरी निघायचं. दात येताहेत, आता नको. इथे रमली आहे, आता नको. पत्रं आता मी स्वतः फोडायची नि स्वतः वाचायची. त्यातली कितीतरी उत्तरं मीच लिहिली. "एवढा हिवाळा जाऊ दे," असंही मीच दोनदा लिहिलं.

चौसष्टच्या शरदात ती आली. हेच जाऊन घेऊन आले. पहिले दोन महिने ती मला "अहो" म्हणायची, परक्या बाईला म्हणतात तसं. मग शाळा, मैत्रिणी, आणि बघता बघता ती मराठीत सांगितलेलं सगळं समजून जर्मनमध्ये उत्तर द्यायला लागली. आई म्हणायला लागली ती मात्र मराठीतच.

अडुसष्टमध्ये, ती आठ वर्षांची असताना, तिच्या वर्गातल्या एका मुलीला भाऊ झाला. शाळेतून आल्यावर ती बाळ बघायला गेली होती. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात. मी पोळ्या लाटत होते. तिनं बाळ किती लहान आहे, त्याची आई त्याला खालीच ठेवत नाही, असं सगळं सांगितलं. मग ओट्याला टेकून विचारलं, "मी तेवढी होते तेव्हा तुझ्याजवळ का नव्हते?"

कधीतरी विचारणार हे मला माहीत होतं. मी तिला सांगितलं. लहान मुलीला सांगू नये इतकं सांगितलं. बाबांनी पत्रं कशी गाळून वाचली, सही कशी घेतली. पांढऱ्या चादरीचा फोटो. खालच्या बाईंनी कसं गोड बोलून फसवलं. माझ्या आईनंसुद्धा, तिच्या लाडक्या आजीनं, दूध आटेल म्हणून मला काही सांगू दिलं नाही. सांगता सांगता मला रडू आलं, आणि ते रडू खोटं नव्हतं. तिनं माझ्या कमरेला मिठी मारली. तिच्या फ्रॉकला पीठ लागलं.

मग मान वर करून तिनं जर्मनमध्ये विचारलं, "पण आई, मग तू नको का म्हणाली नाहीस?"

तव्यावरची पोळी उलटायला आली होती. मी ती उलटली.

"मला कुणी विचारलंच नाही, बाळा," मी म्हटलं.